खुर्चीची फळी उजवीकडेच का? ठाणे-नवी मुंबईतल्या शाळा-कॉलेजांना एका डावखुऱ्या फिटरचं खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं, आयटीआय आणि खासगी क्लासेस यांची व्यवस्थापनं व खरेदी समित्या;
तसंच वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले फर्निचर, हत्यारं आणि घरगुती वस्तू बनवणारे कारखानदार

स.न.वि.वि.

यंदा उन्हाळी सुट्टीत ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयानं वर्गांतले जुने दोघादोघांचे बाक भंगारात काढले आणि त्यांच्या जागी पॅडवाल्या खुर्च्या आणल्या. खुर्च्या दिसायला छान आहेत. पावडर कोटिंग केलेला सांगाडा, बुडाखाली पुस्तकांसाठी जाळी आणि लिहायला घडीची फळी. फळी उजव्या हाताशी. सगळ्या वर्गांत, सगळ्या रांगांत, एकूण एक खुर्चीला.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर भांडण त्या एका कॉलेजचं होईल आणि बाकीचे सुटतील. हीच खुर्ची मी नौपाड्यापासून नेरूळपर्यंत अनेक क्लासेसमध्ये पाहिली आहे, त्यामुळे कोणी सुटू नये अशी इच्छा आहे.

त्या कॉलेजात माझी नात अकरावीला आहे आणि ती डावखुरी आहे. मी रीतसर अर्ज दिला. कार्यालयातून तोंडी उत्तर मिळालं, "काका, सवय होते सगळ्यांना. आणि आता ऑर्डर होऊन गेलीय." बोलणारा माणूस सभ्य होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याची दोन्ही वाक्यं मी घरी घेऊन आलो आणि ती काही डोक्यातून जाईनात. सवयीबद्दल पुढे लिहितोच. खरी गोची दुसऱ्या वाक्यात आहे. ऑर्डर जाण्याआधी ती कागदावर होती, कुणीतरी कोटेशनं मागवली, नमुन्याची खुर्ची आणून तिच्यावर बसून पाहिलं, सही केली. या सगळ्या प्रवासात 'डाव्या हातानं लिहिणाऱ्यांचं काय?' एवढं एकानंही विचारलं नाही. हा प्रश्न विचारायला खर्च नव्हता. न विचारल्याची किंमत आता पोरं भरतायत.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगतो. मी कळव्यात राहतो. उभी नोकरी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये केली. डाय म्हणजे वस्तूला आकार देणारे साचे, जिग-फिक्श्चर म्हणजे काम करताना नग पक्का धरून ठेवणारी साधनं, हे माझं काम. आणि मी स्वतः डावरा. कानस, हातोडी, हॅकसॉ, सगळं डाव्या हातानं. लिहितो मात्र उजव्यानं, कारण गावच्या शाळेत गुरुजींनी फूटपट्टीनं तो प्रश्न निकालात काढला होता. तेव्हा ती रीतच होती आणि गुरुजी वाईट नव्हते. पण आजही घाईत लिहिलं तर माझं अक्षर मलाच लागत नाही, आणि ड्रॉइंग मात्र डाव्या हातानं एका दमात काढतो.

या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. फिक्श्चर आखताना आधी विचारायचं, माणूस नग कुठल्या हातानं ठेवणार, कुठल्या हातानं क्लॅम्प आवळणार, आणि हात काढायला त्याला वाट आहे का? त्याचं उत्तर न घेता काढलेलं ड्रॉइंग माझा फोरमन बघतच नसे. कारखान्यातल्या लोखंडी ठोकळ्यासाठी आम्ही जो विचार करायचो, तो वर्गातल्या खुर्चीसाठी कोणी करत नाही, याचं मला नवल वाटतं.

किती मुलांचा प्रश्न आहे, असं विचाराल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरातल्या आधीच्या शेकडो पाहण्या एकत्र केल्या होत्या. वीस लाखांहून जास्त माणसांची माहिती होती, आणि डावखुऱ्यांचं प्रमाण निघालं १०.६ टक्के. त्याच अभ्यासात असंही आहे की तुम्ही डावखुरेपण कसं मोजता त्यावर हा आकडा ९.३ पासून १८.१ टक्क्यांपर्यंत हलतो. मला यात नवल वाटलं नाही. नुसतं 'लिहिता कुठल्या हातानं' असं विचारलं तर माझी गणती उजव्यांत होते, आणि हातात हातोडी दिली तर डाव्यांत. आपल्याकडे फूटपट्टीनं उजवी केलेली माणसं किती असतील याचा ज्यानं त्यानं आपल्या घरात विचार करावा. पण धरा दहा टक्के. साठ मुलांच्या तुकडीत सहा. ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या कॉलेजात मिळून दोन-तीन वर्ग भरतील इतकी.

आता खुर्ची.

मी त्या खुर्चीवर बसून पाहिलं. शिपायानं बसू दिलं, त्याचे आभार. फळी पुढे रुंद असते आणि कोपराकडे निमुळती होत मागे येते. ते निमुळतं टोक शोभेचं नाही, उजव्या हाताचा कोपर टेकायला आहे. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा कोपर ते मनगट सगळा हात फळीवर पडतो आणि खांदा मोकळा राहतो. डाव्या हातानं लिहायचं तर तो हात छातीवरून उजवीकडे न्यावा लागतो. कोपर अधांतरी, खांदा वर चढलेला, कंबरेत पीळ. दहा मिनिटांत मला पाठीत कळ आली. माझं वय झालंय हे मान्य, पण पोरांनी तिथे एकेक लेक्चर नाही, दिवसभर बसायचंय.

त्यात डाव्या हातानं लिहिणाऱ्याला वही तिरकी ठेवावी लागते, वरचा भाग उजवीकडे झुकलेला. तसं केलं तरच हात ओळीच्या खाली राहतो आणि काय लिहिलं ते दिसतं. नाहीतर हात लिहिलेल्या शब्दांवरूनच सरकत जातो. देवनागरीत तर शब्द पुरा झाला की वर शिरोरेषा, तीही डावीकडून उजवीकडे. डावखुऱ्याला ती पेन ढकलत काढावी लागते आणि तळहाताची कड मागच्या ओल्या शाईवर. माझ्या नातीच्या करंगळीच्या बाजूला कायम निळा डाग असतो. वही तिरकी करायला टेबलावर डावीकडे जागा लागते. जुन्या बाकावर ती होती. या फळीवर वही सरळ ठेवली तरी जेमतेम मावते, तिरकी केली की कोपरा बाहेर लोंबतो.

एक उपाय मुलांनीच काढलाय. डावीकडे एखादी रिकामी खुर्ची असेल तर तिची फळी वापरायची. म्हणजे एका मुलीला दोन खुर्च्या. वर्ग भरलेला असला की तोही उपाय संपला. मग वही मांडीवर.

परीक्षेत हे सगळं तीन तासांचं होतं, आणि त्यात एक अपमान वाढतो. उजव्या फळीवर डाव्या हातानं लिहायचं तर अंग उजवीकडे वळतं. अंग वळलं की तोंड शेजारच्याच्या पेपरकडे. मग सुपरवायझर येतात, "सरळ बस". सरळ बसलं तर लिहिता येत नाही. एका चाचणीत नातीला दोनदा उठवून जागा बदलायला लावली आणि नवी खुर्चीही तीच, उजवीच. कॉपीचा संशय मुलीच्या अंगावर आणि खुर्ची मात्र निर्दोष. पुढच्या वर्षी बारावी आहे. बोर्डाच्या परीक्षेत बैठक क्रमांक ठरलेला असतो, तिथे 'ही खुर्ची नको' म्हणायची सोय कुणाकडे आहे हे आम्हाला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

'सवय होते' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर इतकंच, होते. मला उजव्यानं लिहायची झालीच की. माणसाला कशाचीही सवय होते, म्हणून कशालाही सही करायची का?

आणि कृपा करून सचिन तेंडुलकरचं उदाहरण देऊ नका. तो बॅटिंग उजव्या हातानं करायचा आणि लिहितो डाव्या हातानं, हे मला आजवर ज्यानं त्यानं ऐकवलंय, जणू त्यानं खुर्चीची फळी इकडची तिकडे सरकते.

शाळांकडे माझी वेगळी तक्रार आहे आणि ती कात्रीची आहे. बऱ्याच शाळा वर्षाच्या सुरुवातीला साहित्याचा संच देतात. वह्या, कंपासपेटी, रंग, आणि लहान वर्गांना हस्तकलेसाठी कात्री. घ्यायचा तर सगळा संच घ्यायचा. त्यातली कात्री उजव्या हाताची असते. आता यावर थोडं सविस्तर बोलू द्या, कारण हे लोकांना खरंच माहीत नसतं.

कात्री दोन पात्यांच्या धारेनं जितकी कापते, तितकीच ती पाती एकमेकांना घासून जाण्यानं कापते. उजव्या हातात धरून दाबली की अंगठा नकळत एका दिशेला ढकलतो आणि बोटं उलट दिशेला ओढतात. त्या जोरानं दोन्ही पाती कापायच्या जागी एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घ्या. हाताचा जोर आता उलटा लागतो, पाती एकमेकांपासून फाकतात, आणि कागद कापला जायच्या ऐवजी मधे दुमडून अडकतो. शिवाय वरचं पातं कापायच्या रेघेवर येतं, त्यामुळे रेघ दिसतच नाही. 'उलटी धर ना' असं बाई सांगतात. उलटी धरून काही होत नाही. कात्री कशीही फिरवा, वर येणारं पातं त्याच बाजूला येतं. हातात कात्री घेऊन खात्री करून बघा.

पहिलीतल्या पोराचं चित्र वाकडं कापलं जातं तेव्हा पोराला 'धांदरट' म्हणतात. मी अशी पोरं पाहिली आहेत ज्यांच्या हाती नुसती बरोबर कात्री दिली आणि पाच मिनिटांत गोल कापला.

बाजारात काही कात्र्यांच्या पाकिटावर 'दोन्ही हातांसाठी' असं छापलेलं असतं. कारखानदार मंडळी, हे तुमच्यासाठी आहे. दांडीची दोन्ही भोकं सारखी गोल केली, प्लास्टिक मऊ केलं, की कात्री दोन्ही हातांची झाली असं होत नाही. पाती उजवीच राहतात. हे तुम्हालाही माहीत आहे. डाव्या हाताची कात्री म्हणजे आरशातली कात्री, पाती अदलाबदल केलेली. त्यासाठी डाय वेगळी लागते, आणि डायला पैसे लागतात. मी आयुष्यभर डाय बनवल्या आहेत, तुम्ही फुकट बनवा असं मी म्हणणार नाही. ऑर्डर मिळाली तर बनवाल का, एवढंच विचारतोय.

इथे पुन्हा गाडी ऑर्डरवर येते. गोखले रोडवरचा किंवा स्टेशनजवळचा स्टेशनरीवाला डावी कात्री का ठेवत नाही? कारण वर्षात चार गिऱ्हाईकं येणार, चार नगांसाठी तो कुठे फिरणार? मी विचारत फिरलो तेव्हा एक दुकानदार म्हणाला, "ऑनलाइन बघा." ऑनलाइन मिळते, साध्या कात्रीच्या दुपटी-तिपटीनं. ज्याला परवडतं तो घेतो. कळव्यातल्या चाळीतलं डावखुरं पोर उजव्या कात्रीनं कागद चुरगळत बसतं. पण ठाण्यातल्या पन्नास शाळांनी मिळून एकच ऑर्डर दिली तर? दहात एक धरून हजारो कात्र्या होतील. एवढ्या नगांसाठी रबाळे-महापेचा कुठलाही बऱ्यापैकी कारखाना डाय करून देईल. एकट्या आईबापाला हे कधीच जमणार नाही. तुम्हाला जमेल, कारण घाऊक खरेदी तुम्ही करता. मी हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितोय ते यासाठीच.

आयटीआयच्या प्राचार्यांना दोन शब्द. फिटर ट्रेडमध्ये व्हाइस, म्हणजे नग पकडायचे शिकंजे, एका रांगेत बसवलेले असतात, ठरलेल्या अंतरावर. उजवा माणूस कानस मारताना डावा पाय पुढे टाकून उभा राहतो, डावरा उजवा पाय पुढे टाकतो. दोघं शेजारी उभे राहिले की कोपर कोपराला लागतो, आणि शिकवणारे डावऱ्यालाच म्हणतात, "तू बदल." मला म्हणाले होते. मी बदललो नाही, रांगेच्या टोकाचा व्हाइस मागून घेतला आणि प्रश्न मिटला. टोकाचा व्हाइस देणं एवढाच उपाय आहे, पण तो मुलानं मागायच्या आधी तुम्ही द्यायला हवा. सतरा वर्षांचं पोर पहिल्या महिन्यात काही मागत नसतं.

हातातल्या ड्रिल मशीनचं मात्र गंभीर आहे. बऱ्याच मशीनना ट्रिगर दाबलेलाच ठेवायचं एक बटण असतं, मुठीच्या डाव्या बाजूला. उजव्या हातात धरलं की ते अंगठ्याशी येतं, मुद्दाम दाबावं लागतं. डाव्या हातात धरलं की ते थेट तळव्याखाली येतं आणि नकळत दाबलं जातं. मग बोट सोडलं तरी ड्रिल फिरत राहतं. बिट अडकलं असेल तर मनगट पिरगळतं. उलट बाजूचं चांगलं उदाहरणही याच कपाटात आहे. अँगल ग्राइंडरच्या बाजूच्या मुठीसाठी बहुतेक कंपन्या डावीकडे आणि उजवीकडे, दोन्हीकडे आट्यांचं भोक देतात. मूठ काढायची, दुसरीकडे पिळायची, झालं. एका जास्तीच्या भोकाला किती खर्च आला असेल, ते कारखानदारांनीच सांगावं.

डावखुऱ्यांना अपघात जास्त होतात का, यावर संशोधन झालेलं आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९८९ मध्ये विद्यार्थ्यांची पाहणी छापली. तीत डावखुऱ्यांमध्ये अपघाती इजांचं प्रमाण जास्त दिसलं. पुढे १९९१ मध्ये त्यांनी आणि डायन हॅल्पर्न यांनी डावखुरे नऊ वर्षं आधी मरतात असंही मांडलं. ते मात्र इतरांनी खोडून काढलं, आणि खोडण्याचं कारण माझ्यासारख्यांना लगेच पटतं. म्हाताऱ्यांत डावखुरे कमी दिसतात, कारण त्यांच्या लहानपणी शाळेनं त्यांना उजवं केलं होतं. ते मेले नव्हते, गणतीतून गेले होते. तेव्हा आयुष्य कमी होतं वगैरे भीती मी घालत नाही. पण चालू मशीन हातात असताना बटण चुकीच्या बाजूला असणं धोक्याचं आहे, हे कळायला संशोधन लागत नाही.

कारखानदारांसाठी घरातल्या वस्तूंचंही थोडं. चहाचं दांड्याचं सॉसपॅन घ्या. चोच एकाच बाजूला असते. दांडा उजव्या हातात धरला की चोच कपाकडे येते. डाव्या हातात धरला की ती भलतीकडे जाते, मग मनगट बाहेरच्या बाजूला वाकडं करून ओता, नाहीतर चोच सोडून काठावरून ओता आणि ओटा पुसा. दोन्ही बाजूंना चोच काढली तर प्रेसवर एकाच ठोक्यात निघते. काही कंपन्या काढतातही, म्हणजे जमतं. पीलरचं तसंच. एकाच बाजूला धार असलेला पीलर डाव्या हातात निरुपयोगी, दोन्ही बाजूंना धार असलेला कुणालाही चालतो. माझ्या आईची विळी या बाबतीत शहाणी होती. पाट हव्या त्या पायाखाली धरा, भाजी हव्या त्या हातानं पुढे लोटा, पातं काही विचारत नाही. मोजायच्या टेपचं कवच डाव्या हातात धरलं की आकडे उलटे दिसतात, पण टेपच्या दोन्ही कडांना दोन्ही दिशांनी वाचता येतील असे आकडे छापता येतात. पातं तेच, फक्त छपाई वेगळी.

सगळं जग डावीकडे फिरवा असं मी म्हणत नाही, हेही स्पष्ट करतो. स्क्रूचे आटे आहेत तसेच राहू द्या. ते उजव्या हाताच्या सोयीचे आहेत हे खरं, कारण तळहात वर वळवताना हाताला जास्त जोर येतो आणि उजव्या हाताचं ते वळण म्हणजे आवळायची दिशा. डाव्या हाताला तोच जोर सोडवायच्या दिशेनं मिळतो. म्हणून आमच्या घरात लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण माझ्याकडे येतं. पण आट्यांचं प्रमाण एकच असलं पाहिजे, नाहीतर कारखाने बंद पडतील. मोटरसायकलचा थ्रॉटल, तोही राहू दे. बेलापूर-पेंधर मेट्रोच्या गेटवर कार्ड उजवीकडे टेकवावं लागतं, ते एका क्षणाचं काम आहे, त्याची तक्रार करणं मला शोभणार नाही. कॉम्प्युटरचा माउससुद्धा माझी नात खुशीनं उजव्या हातानं चालवते, कारण डाव्या हातानं रफ लिहायला कागद मोकळा राहतो. एमएचटी-सीईटीसारख्या संगणकावरच्या परीक्षेत हा तिचा फायदाच आहे. पण ज्या मुलाला डावीकडे माउस हवा असेल त्याच्यासाठी तुमच्या लॅबमधली माउसची वायर टेबलाच्या उजव्या पायाला टाय मारून बांधू नका, एवढंच.

सगळ्याच वस्तूंच्या डाव्या आवृत्त्या निघाव्यात असंही मला वाटत नाही. 'खास डावखुऱ्यांसाठी' असं लिहून दुप्पट किमतीला विकायचं हे दुकान मला नको आहे. जिथे एकच वस्तू दोन्ही हातांना चालेल अशी करता येते, तिथे तशीच करावी. जिथे येत नाही, म्हणजे कात्री आणि पॅडची खुर्ची, तिथे जोड बनवावा आणि तो त्याच किमतीला द्यावा. डावखुरेपण हे अपंगत्व नाही, आम्हाला सवलत नको. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं एक चांगली कल्पना व्याख्येतच घातली आहे. वस्तू, जागा आणि सेवा शक्य तितक्या सर्वांना, वेगळं जुळवून न घेता, वापरता येतील अशी रचना. ती दिव्यांगांना मिळाली पाहिजेच, आणि ती नीट झाली तर आम्ही आपोआप त्यात बसतो.

आता मागण्या.

१. प्रवेश अर्जात एक रकाना वाढवा, विद्यार्थी कोणत्या हातानं लिहितो. आयटीआयनं पुढे जाऊन हत्यार कोणत्या हातानं धरतो तेही विचारावं. रक्तगट विचारता, बसचा मार्ग विचारता, हेही विचारा.

२. पुढच्या प्रत्येक ऑर्डरमध्ये साठ खुर्च्यांमागे निदान सहा खुर्च्यांची फळी डावीकडे असावी, आणि त्या रांगेच्या डाव्या टोकाला मांडाव्यात, म्हणजे कुणाचा कोपर कुणाला लागत नाही. हे नको असेल तर सरळ बाक किंवा टेबलं घ्या. त्यांना डावं-उजवं नसतं. दोघांच्या बाकावर डावखुऱ्याला डावीकडची जागा द्या. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या शाळांच्या निविदांतही हे लिहावं.

३. ज्यांच्या खुर्च्या आधीच आल्या आहेत, त्यांनी पहिल्या घटक चाचणीच्या आत प्रत्येक वर्गात लागतील तितकी साधी टेबलं ठेवावीत. भंगारात काढलेले बाक अजून गच्चीवर पडून असतील. तेच चालतील.

४. परीक्षेत डावखुऱ्या विद्यार्थ्याला बाक किंवा टेबल मिळावं. मागितल्यावर देऊ असं नको, ते आधीपासून तिथे असलं पाहिजे. केंद्रसंचालकांनी सुपरवायझरना तशी लेखी सूचना द्यावी. अंग वळवून लिहिणारं मूल कॉपीच करतंय असं धरून चालू नये.

५. शाळांनी एकत्र येऊन डाव्या कात्र्यांची ऑर्डर द्यावी. संस्थाचालकांच्या बैठका होतातच, एका बैठकीत दहा मिनिटं यासाठी काढा. संचात कात्री डावी की उजवी हे पालकांना निवडू द्या.

६. कारखानदारांनी 'दोन्ही हातांसाठी' हे शब्द छापण्याआधी ती वस्तू एका डावखुऱ्याच्या हातात देऊन पाहावी. तुमच्या शॉप फ्लोअरवर दहात एक सापडेलच. ड्रिलचं ते बटण मधे आणा किंवा काढून टाका. आणि सल्ला हवा असेल तर खारघरला फॅशन-डिझाइन शिकवणारी निफ्ट आहे, पवईला आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचं केंद्र आहे. तिथल्या मुलांना प्रोजेक्ट हवे असतात, तुम्हाला ड्रॉइंग हवी आहेत.

१३ ऑगस्टला जागतिक डावखुऱ्यांचा दिवस असतो. त्या दिवशी नोटीस बोर्डावर शुभेच्छा लावू नका, स्टेजवर बोलावून गुलाब देऊ नका. तोवर टेबलं आली तर पुरे.

खुर्चीबद्दल शेवटचं, हे धंद्यातल्या माणसाचं बोलणं आहे. त्या कॉलेजातल्या खुर्चीचा सांगाडा मी खालून नीट पाहिला. तो दोन्ही बाजूंना सारखाच आहे. फळीची ब्रॅकेट तेवढी उजव्या पाइपला वेल्ड केली आहे. वेल्ड न करता बोल्ट केली असती, डाव्या पाइपलाही तशीच भोकं पाडली असती आणि फळीला दोन्ही तोंडांनी लॅमिनेट लावलं असतं, तर तीच फळी उलटी करून डावीकडे बसली असती. एक खुर्ची, दोन्ही हात, एक स्पॅनर. याचं ड्रॉइंग मी काढून ठेवलंय, मापांसकट. ज्या कारखान्याला हवं त्यानं न्यावं, पैसे नकोत.

आणि ज्या कॉलेजांना आत्ताच्या खुर्च्यांतल्या काही बदलून घ्यायच्या असतील, त्यांनी तुकडीमागे सहा खुर्च्या बाजूला काढून ठेवाव्यात. वेल्ड कापायला ग्राइंडर मी आणेन, बोल्ट आणि वॉशरही माझे. कॉलेजनं फक्त एक रविवार, विजेचं एक पॉइंट आणि वर्गाची किल्ली द्यावी.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर
कळवा, ठाणे